नागकार्लानची चाल

या, पुढे सरका. दाराशी उभं राहून ही कथा कळायची नाही. जपान्यांच्या अंमलातली, आपल्या सान इसिद्रो गावचीच आहे. ऐकलीत तर मान खाली घालून उठणार नाही, एवढं सांगतो.

गुड फ्रायडेचा पवित्र आठवडा होता. एंग्रासिया आजीच्या अंगणात प्रभूच्या यातनांचं गायन बसलं होतं. युद्ध असो की पूर, एकदा पहिली ओळ उचलली की शेवटची गाईपर्यंत थांबायचं नाही, आणि दारात येईल त्याला गायची पाळी द्यायची, ही आपली रीत. त्याच दारातून भर दुपारी मेल्चोर आत आला, खांद्यावर माडाच्या शिरक्याचे बुधले घेऊन, फिरत्या विक्रेत्याच्या वेषात.

"बातांगासहून आलोय," म्हणाला.

होता मात्र जपान्यांच्या गुप्त पोलिसांतला, आपल्यातलाच माणूस. त्याने बोट दाखवलेली माणसं घरी परतत नसत. आज त्याला गोरियो हवा होता, डोंगरातल्या बंडखोरांचा म्होरक्या. नाव सगळ्यांना ठाऊक, चेहरा एकाही पोलिसाला नाही. तो गायनाला येणार अशी खबर होती. त्याला हुडकायचं आणि बाहेर दबा धरलेल्या शिपायांना खूण करायची, एवढंच काम.

"बस बाबा," आजी म्हणाली, "आता तुझी पाळी."

नाही म्हणता येईना. मेल्चोरने गळा साफ केला आणि कडवं उचललं. लहानपणानंतर तो गायलाच नव्हता, पण गळ्याने आपली वाट आपणच धरली. कडवं संपलं तशी पुढची ओळ दोघीतिघींनी धरली, बाकीच्यांच्या माना मात्र मेल्चोरकडे वळल्या.

"काय रे, बातांगासचा ना तू?" आजीने विचारलं. "मग ही नागकार्लान गावची चाल कुठून आणलीस? शेवटची ओळ अशी खाली सोडणारी तिथली एकटी पोसिया. तिचा लेक जपान्यांच्या चाकरीत गेलाय, असं कानावर होतं. चोराच्या पावलांनी आलास, बाळा, आणि आईच्या गळ्याने गायलास!"

बाकीच्या बायका खदखदून हसल्या. मेल्चोरचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला.

"काढ की," आजी म्हणाली. "पण आधी खाऊन घे. या दारातून उपाशी कुणी जात नाही, मग तो कुणाचाही कुत्रा असो."

समोरचा एक तरुण उठला. केळीच्या पानावर उकडलेला कसावाचा कंद आणून त्याने मेल्चोरपुढे ठेवला.

"खा, दादा. ज्याला शोधतोयस, त्याच्याच हातचं आहे."

मेल्चोरने पिस्तुलावरचा हात काढला. आजवर ज्यांच्याकडे बोट केलं ते सगळे थरथरत होते. थरथरणाऱ्याकडे बोट करणं सोपं जातं. हा गोरियो काही सोपं करून देईना. मेल्चोरने पहिला घास घेतला.

खूण होत नाही म्हणून वैतागलेला जपानी लेफ्टनंट शिपायांसह अंगणात घुसला.

"कोण आहे तो? दाखव!"

बायकांनी गाणं थांबवलं नाही. मेल्चोर जागचा उठला नाही.

"इथे नाही."

"मग इतका वेळ करतोयस काय?"

"गातोय. माझी पाळी चालू आहे." आणि त्याने पुढचं कडवं उचललं, तेही मोठ्याने.

छातीवर लाथ बसली. फरफटत नेतानाही तो गात होता. त्याचा आवाज तुटला तिथून आजीने ओळ धरली, आणि त्या गोंधळात गोरियो मागच्या कुंपणातून पसार झाला.

मेल्चोर परत आला नाही.

त्याने घात केलेल्यांची घरं याच गावात आहेत. त्याला माफ करा, असं मी त्यांना सांगणार नाही. तो निवाडा प्रभूचा. पण गोरियोचं नाव तुम्ही सगळे घेता ना? घ्याल तेव्हा एकदा मेल्चोरचंही घ्या.