नऊ सह्या

कॉलेजने संपदाला नोकरीसाठी तयार केलं होतं. म्हणजे मुलाखतीत पाय हलवायचे नाहीत, ईमेलचा शेवट कसा करायचा आणि गटचर्चेत दुसऱ्याला हसतमुखाने गप्प कसं बसवायचं, एवढं शिकवलं होतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलचं शिक्षण मुलांनी आपापसातच उरकलं होतं. मागच्या बॅचची फाइल मिळवायची, रीडिंगचा शेवटचा आकडा बदलायचा आणि दोन वेगळ्या पेनांनी लिहायचं, म्हणजे प्रयोग दोन दिवस चालल्यासारखा दिसतो. चार वर्षांत तिच्या जर्नलवर ढीगभर सह्या झाल्या, पण कुणी पान वाचल्याचं तिला आठवत नव्हतं.

शेवटच्या सत्रात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा हे शहाणपणही तिच्यासोबत गेलं. तिच्याकडे काम दिलं होतं ते अगदी साधं. पत्रा दाबून आकार देणारी एक मोठी प्रेस होती. तिच्या तोंडाशी डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा पडदा होता. कामगाराचा हात चुकून त्यात गेला की प्रेस जागच्या जागी थांबायची. शिफ्ट सुरू होण्याआधी संपदाने एकटीने जाऊन प्रेस चालू करायची, लाकडी काठी वर, मध्ये आणि खाली घालून बघायची, तक्त्यावर तीन खुणा करायच्या आणि सही ठोकायची.

पहिले दोन आठवडे तिने हे इमानेइतबारे केलं. रोज प्रेस थांबायची. रोज थांबणारी गोष्ट रोज काय बघायची, असं म्हणून ती कंटाळली, आणि कालच्या खुणा बघून आजच्या खुणा करू लागली. असे नऊ दिवस गेले. विभागप्रमुख शेखर सर पाच इंटर्नमधून दोघांना कायम घेणार होते आणि यादी शुक्रवारी लागायची होती. आपलं नाव त्यात असणार, असं तिने घरी सांगूनही टाकलं होतं.

बुधवारी वाटेत द्वारका चौकातल्या गर्दीत तिची गाडी अडकली आणि ती उशिरा पोचली. बघते तर प्रेस बंद. प्रेस चालवणारे सावळीराममामा स्टुलावर हात बांधून बसले होते. इगतपुरीकडून रोज बसने येणारा हा माणूस वीस वर्षांत कधी काम थांबवून बसला नव्हता. काय बिघडलं, असं तिने विचारलं.

"बिघडलं काय नाय, ताई. तुमची सही नाय ना आज," मामा म्हणाले. "मला इंग्रजी वाचता येत नाय, पन तुमची सही वळखतो मी. रोज ती बघतो अन् मंगच हात घालतो."

संपदाचे कान तापले. तिची सही वाचणारा एक माणूस होता, आणि तो रोज तिच्या भरवशावर आपले हात आत घालत होता. लाजेने तिने प्रेस चालू केली आणि कोपऱ्यातली काठी उचलली. वर घातली, प्रेस थांबली. मध्ये घातली, थांबली. खाली घातली तेव्हा प्रेस थेट खाली आली आणि काठीचे दोन तुकडे झाले.

दुरुस्तीवाल्याने बघितलं तर माल वाहणाऱ्या ट्रॉलीचा धक्का लागून प्रकाश सोडणारी पट्टी वाकली होती आणि पडदा चार बोटं वर सरकला होता. त्याच्याखालून हात सहज गेला असता. शेखर सर धावत आले. त्यांनी तक्ता पाहिला. काल तर सगळं ठीक दिसतंय, म्हणजे धक्का आज सकाळीच लागला असणार आणि हिने तो लगेच पकडला, असं त्यांनी जमलेल्या सगळ्यांना सांगितलं. इंजिनिअर म्हणतात तो असा, असंही म्हणाले. मामांनी तिच्यापुढे हात जोडले. ती दहा बोटं तिला एकेक करून दिसली, आणि तिच्याच्याने ते बघवेना.

"सर, काल मी तपासलं नव्हतं," ती म्हणाली. "नऊ दिवस तपासलं नाही. नुसत्या सह्या केल्या."

मामांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. सरांनी आवाज चढवला नाही. खिशातलं लाल पेन काढून दिलं आणि प्रत्येक तारखेसमोर 'तपासणी केली नाही' असं नऊ वेळा लिहायला लावलं, खाली सहीसकट. ट्रॉलीचा धक्का नक्की कधी लागला, हे कधीच कळलं नाही. नऊ दिवसांपैकी किती दिवस मामांचे हात त्या फटीपाशी होते, याचा हिशोब ती मनाशी मांडत राहिली. शुक्रवारच्या यादीत तिचं नाव नव्हतं. इंटर्नशिपचे महिने मात्र पुरे करायचे होते.

दुरुस्त झालेली प्रेस शनिवारी पुन्हा सुरू होणार होती. ती साडेसातला पोचली तर मामा तिच्या आधी येऊन प्रेसपाशी उभे. पहिली बस धरून आले होते. तिने मान खाली घातली आणि माफी मागायला तोंड उघडलं.

"ते ऱ्हाऊ द्या, ताई," मामा म्हणाले. "तुम्ही काठी घाला. मी बघतो."

तिने नवी काठी वर, मध्ये, खाली घातली. तिन्ही वेळा मामा वाकून बघत होते आणि तिन्ही वेळा प्रेस थांबली. मग त्यांनी हातमोजे चढवले आणि पत्रे जवळ ओढले. संपदाने तक्त्यावर सही केली. मामांनी तिकडे पाहिलं नाही.