रुमाल गुंडाळलेली हातोडी

टक, टक. मग थोडं थांबून पुन्हा टक.

मावशींनी झोपेतच उजवा हात उचलला. समोरच्या बोर्डावर कुणाच्या तरी फोनचा दिवा लागला होता आणि हातातली जोडणीची दोरी काही केल्या त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. टेलिफोन एक्सचेंजचं ते लांबलचक दालन, ओळीने बसलेल्या मुली, प्रत्येकीच्या कानावर हेडफोन. सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं निळसर आणि संथ. मागून मोठ्या बाई फिरत होत्या. मावशी नोकरीला लागल्या तेव्हा याच बाईंनी त्यांना हाताला धरून काम शिकवलं होतं.

"दिवा लागलाय," बाई म्हणाल्या. "कुणी घेतंय की नाही?"

"घेते, बाई," असं म्हणत मावशी जाग्या झाल्या. एक्सचेंज बंद होऊन जमाना लोटला होता. दुपार कलायला अजून अवकाश होता, पडद्यातून पिवळा उजेड पाझरत होता. टकटक मात्र चालूच होती. ती पलंगामागच्या भिंतीतून येत होती.

मावशींनी कूस बदलली.

त्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या कुणीही हेच केलं असतं. तिथल्या भिंती म्हणजे नुसत्या लाकडी फळ्या, वरून गिलाव्याचा हात फिरवलेला. इकडे कुणी शिंकलं की तिकडे तिसऱ्या घरातलं तान्हं दचकायचं. म्हणून सगळ्यांनी मिळून, कुणीही न ठरवता, एक गोष्ट ठरवून टाकली होती: भिंतीपलीकडचं कुणाला ऐकू येत नाही. खालच्या वहिनींचा मुलगा नापास झाला तेव्हा त्यांचं रडणं गच्चीपर्यंत पोचलं होतं. आठवड्याने त्यांनी स्वतः सांगितलं, तेव्हा जो तो "अरे बापरे, कधी?" असं इतक्या मनापासून विचारत होता की वहिनींना सांगताना बरं वाटलं. दुपारची जेवणं झाली की चहाच्या वेळेपर्यंत तर कुणी खुर्चीसुद्धा ओढत नसे, उचलून ठेवी. अशा वागण्यानेच ती माणसं एकमेकांना तोंड दाखवू शकत होती.

मावशींना हे जड गेलं नव्हतं. जन्मभर दुसरं काय केलं होतं? जुळणारी लग्नं, मोडणारी लग्नं, भावाभावांची भांडणं, सगळं त्यांच्या कानावरून गेलं आणि त्यातलं एक अक्षर त्यांनी घरी नेलं नाही. "कानावर पडतं ते ऐकायचं नाही," ही मोठ्या बाईंची शिकवण त्यांच्या हाडीमाशी खिळली होती.

पलीकडे राहायचे घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करणारे, एकटेच. दोघांचं बोलणं म्हणजे जिन्यात भेटल्यावर "आज पाणी लवकर गेलं" आणि "हो ना, फारच लवकर" एवढंच. पण मावशींना त्यांचं सगळं ठाऊक होतं. सकाळचा खोकला, चष्मा सापडत नाही म्हणून स्वतःलाच घातलेल्या शिव्या, रविवारी सगळ्या घड्याळांना किल्ली देतानाची करकर. दुपारी कुणाची झोप मोडू नये म्हणून काका घड्याळांच्या घंटांना फडकी बांधत, तेही त्यांना कळे. खरं सांगायचं तर मावशींचा त्या आवाजांवर जीव होता. नवरा गेला त्या वर्षी त्यांना झोप लागत नसे. तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून पडायच्या, आणि पलीकडची टिकटिक पाठीत शिरून हळूहळू डोळ्यांवर यायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनी त्यांचं त्या वर्षीचं रडणं ऐकलं असणारच, पण त्यांनीही ते ऐकलं नव्हतं.

टक, टक. टक.

या वेळी काका कधी काम करत नाहीत, मावशींच्या मनात आलं. त्या उठून बसल्या. उत्तर म्हणून भिंतीवर वाजवायला त्यांनी बोट वाकवलं आणि तसंच खाली घेतलं. वाजवलं म्हणजे ऐकल्याची कबुली. आज हे ऐकलं म्हणजे बाकीचंही ऐकलंच असणार, मुलीचा फोन ठेवल्यावर काका किती वेळ हुंदके देत होते तेही. मग तो भला माणूस जिन्यात मान वर कशी करणार? आपण उगाच त्याची अब्रू उघडी पाडू.

त्या नुसत्याच दार उघडून जिन्यात आल्या. तिथे खालच्या वहिनी उभ्या होत्या. हातांना भांड्यांच्या साबणाचा फेस तसाच.

"उकडतंय ना आज," वहिनी म्हणाल्या.

"हो ना. म्हटलं जरा वाऱ्यावर उभं राहावं."

जिन्यात वारा औषधालाही नव्हता.

टक, टक. आतून.

"आमच्याकडे वरून जरा…" वहिनी बोलता बोलता थांबल्या. "काही नाही."

"काही म्हणालात का?"

"छे, कुठे काय."

दोघींनी काकांच्या दाराकडे पाहिलं. ते लोटलेलं होतं. दिवसा तिथे सगळीच दारं लोटलेली असत, पण लोटलेलं दार म्हणजे या बसा असं कुणी समजत नसे. वहिनी पदराला हात पुसत राहिल्या. मावशी कठड्यावरची नसलेली धूळ झटकत राहिल्या.

मग टकटक थांबली.

ती थांबली आणि मावशींना मोठ्या बाईंची शिकवण पुरती आठवली. ऐकायचं नाही, ही तिची अर्धी बाजू होती. दिवा लागला की घ्यायचाच, मग हातातलं पाणी तसंच राहू दे, ही उरलेली अर्धी. बोलणं कुणाचंही असो, हाक वाया जाऊ द्यायची नाही.

त्यांनी दार ढकललं. काय म्हणून हाक मारावी तेच सुचेना. इतक्या वर्षांत कधी वेळच आली नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या.

काका कामाच्या टेबलाशेजारी जमिनीवर कलंडले होते, पाठ भिंतीला, एक हात छातीवर. दुसऱ्या हातात कामाची इवलीशी हातोडी होती. तिच्या डोक्याला स्वच्छ रुमाल गुंडाळून, वर दोरा बांधून नीट गाठ मारली होती.

"गाडी बोलवा!" मावशी ओरडल्या. त्या बिल्डिंगने दुपारच्या वेळी ऐकलेला तो पहिला आवाज. सगळी दारं एकदम उघडली. कुणालाही काय झालं म्हणून विचारावं लागलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते सहज म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी भेटायला गेल्या तेव्हा काका जागे होते. आवाज पार खोल गेला होता.

"तुम्हाला फार त्रास दिला. ऐन झोपेच्या वेळी."

"त्रास कसला."

"म्हणून तर रुमाल बांधला होता. म्हटलं, दचकायला नको कुणी."

मावशींना गप्प राहता आलं असतं. काकांचीही तीच अपेक्षा असावी. पण त्यांना राहवेना.

"मला ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. मी भिंतीशी बसून होते, जिन्यात उभी होते, पण आले नाही. चुकलं माझं."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग शोधूनही सापडला नसता.

"छे हो," ते म्हणाले. "तुम्हाला कसं ऐकू येणार? रुमाल होता ना."

मावशींनी मान खाली घातली. चादरीवर त्यांची आसवं पडत होती आणि काका, सवयीने, खिडकीबाहेर बघत होते.

बुधवारी काका गेले. मुलगी आली, दाराला कुलूप लावून गेली. महिन्याभराने येऊन आवरते म्हणाली. आत भिंतभर घड्याळं चालूच होती. रविवारी दिलेली किल्ली अजून त्यांच्यात शिल्लक होती.

मग ती एकेक करून थांबू लागली. आधी एक बारीक, घाईघाईने चालणारं. मग दोन एकदम. वरच्या मजल्यावरची मंडळी चपला हातात घेऊन जिना चढू लागली, पोरांना मोठ्याने बोलायची बंदी झाली. का, ते कुणीच बोललं नाही. मावशी दुपारी भिंतीला पाठ लावून पडत. टिकटिक पातळ होत चालली होती. अर्धवट झोपेत त्यांना बोर्डावरचे दिवे मालवताना दिसत, आणि मोठ्या बाई प्रत्येक खुर्चीमागे थांबून कुणाला तरी घरी जायला सांगत.

शेवटी एकच राहिलं, जाड आवाजाचं, थकलेलं. ते दोन दिवस तग धरून होतं.

त्यानंतरच्या सकाळी जिन्यात वहिनी भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती.

"मावशी," त्या म्हणाल्या, "काल ते शेवटचंही थांबलं."

बोलून गेल्यावर वहिनी स्वतःच चपापल्या. तोंडातून निसटलेला शब्द परत घेता येतो का ते बघत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. काय थांबलं, असं मावशींनी विचारायचं होतं. इतकी वर्षं तेच चालत आलं होतं आणि शब्द त्यांच्या ओठांवर आलाही होता.

"हो," मावशी म्हणाल्या. "मी ऐकत होते."

वहिनींनी पिशवी पायरीवर ठेवली. दोघी जिन्यात तशाच उभ्या राहिल्या, कुलूप लावलेल्या दारासमोर. उकडतंय, असं कुणीच म्हणालं नाही.