वीतभर

नळीच्या एका टोकावर अंगठा दाबून तिने दुसरं टोक शिडीवर चढलेल्या गाइडच्या हाती दिलं. नळी पारदर्शक, आत पाणी. पाथरवट बाबांच्या पिशवीतली ही एकच वस्तू तिने ठेवून घेतली होती.

पुलाजवळ नदीकाठच्या दगडी खांबावर जुन्या पुरांच्या रेघा कोरल्या होत्या. सगळ्यांत वरची बाबांनी कोरलेली. त्या पुरात गाव टेकडीवर पळालं, एकटे बाबा शेजारच्या कोठाराच्या आढ्याला धरून राहिले. पुढे गाव म्हणालं, गड्याने रेघ वीतभर वर चढवलीय. ‘वीतभर’ हे नाव त्यांना मरेपर्यंत चिकटलं. गाइडचे पर्यटक या किश्शावर हमखास हसत. उद्या खांबाशेजारी फलक लागणार होता : ‘वरची खूण चुकीची.’

महिन्यापूर्वी कोठाराच्या दुरुस्तीत माळ्यावरचा चुना खरवडला, तेव्हा खाली गाळाची तपकिरी रेघ निघाली. ते कळताच ती आली होती.

नळीचं आपलं टोक घेऊन ती कोठाराच्या माळ्यावर गेली आणि ते भिंतीला टेकवलं.

“आता तुम्हीही अंगठा काढा, काका,” ती खिडकीतून म्हणाली. “पाणी खुणेवर आलं की सांगा.”

पाणी दोन्हीकडे डुचमळलं, मग ठरलं.

“आलं. तिकडे जुळलं का?”

तिने नळीतलं पाणी पाहिलं, मग भिंतीवरची रेघ. पुन्हा पाणी.

“नाही जुळत.”

“मी म्हणत नव्हतो? पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. माणूस लाखाचा होता, पण—”

“शिडी सोडा आणि वर या.”

नळीचं टोक खुणेला बांधून, गुडघ्यांना दोष देत गाइड वर आला. चष्मा पुसून भिंतीशी वाकला. पाणी आणि गाळाची रेघ यांच्यामध्ये त्याने बोटं धरून पाहिली. दोन मावली. रेघ वर होती.

“त्याने कमी कोरलंय,” तो हळूच म्हणाला.

“छातीठोक सांगता येईल तेवढंच दगडावर कोरायचं, बाबा म्हणायचे.”

गाइडने खाली जाऊन खुणेला बांधलेलं टोक सोडलं. खाली पर्यटक ताटकळले होते. त्याने सवयीने खुणेकडे हात केला, “आणि हा आमचा…” म्हणाला आणि थांबला. मग हात थोडा आणखी वर नेला.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. कुणी हसलं नाही.

माळ्यावर ती नळीतलं पाणी ओतून, कोपरावर नळी गुंडाळत होती. बाबा गुंडाळत तशी, घाई न करता.