चुगली न करणारा फोन

"यातला चुगली न करणारा फोन कुठला?" असं मी मोबाइलच्या दुकानातल्या टायवाल्याला विचारलं, तेव्हा तो आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

"म्हणजे काय, काकू?"

"म्हणजे माणूस कुठे आहे, कोणाशी बोलतोय, हे तिसऱ्याला न सांगणारा. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा, नाहीतर ज्याला कळतं त्याला बोलवा."

त्यानं काचेवर सहा फोन मांडले. एकाचा कॅमेरा भारी, एकाची बॅटरी दोन दिवस टिकते, एक म्हणे पाण्यात पडला तरी काही होत नाही. मी म्हटलं, "आधीचा मीच पाण्यात घातलाय, त्याचं कौतुक मला सांगू नका." मग तो म्हणाला, सगळेच फोन सेफ असतात हो हल्ली. हल्ली म्हणे! माझी धाकटी बहीण हातात प्लॅस्टर घालून खोलीत दडून बसलीय आणि हा मला हल्लीचं सांगतोय. माझं डोकंच फिरलं. पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

धाकटीला नवऱ्यानं मारलं ही काही पहिली वेळ नव्हती. पण या वेळी मनगट मोडलं आणि सहा वर्षांच्या चिमणीनं ते डोळ्यांनी बघितलं, म्हणून ती लेकीला घेऊन निघाली. आधी मैत्रिणीकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हा तिथे दारात उभा. तिथून ती बायकांच्या वसतिगृहात गेली. चौथ्या दिवशी हा समोरच्या फुटपाथवर. शिव्या नाही, आरडाओरडा नाही. नुसता उभा राहायचा, आणि ती खिडकीत आली की हात हलवायचा. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की हा तिच्या फोनवरून माग काढत येतोय. मी लाँड्रीत काउंटरवर काम करते, बावीस वर्षं झाली. मी धाकटीचा फोन घेतला आणि सरळ साबणाच्या टाकीत सोडून दिला. वर आला नाही.

लाँड्रीच्या वर इस्त्रीची मोडकी टेबलं ठेवायची एक खोली आहे. मालकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, राहू दे, पण खाली दिसायला नको. धाकटीचा नवरा माझ्या घरी येऊन गेला, सोफ्यावर बसून रडलासुद्धा. "ताई, तुम्ही मला मोठ्या बहिणीसारख्या. ती कुठेय तेवढं सांगा." मी त्याला पाणी दिलं आणि चेहरा दगडासारखा करून म्हटलं, मला काय माहीत! तो गेला आणि मी दार लावून तिथेच खाली बसले.

फोनशिवाय मात्र भागत नव्हतं. नवऱ्यावर केस घालणाऱ्या वकिलीणबाईंना नंबर हवा, चिमणीच्या शाळेला हवा, धाकटी कामाला अर्ज करत होती तिथेही हवा. आणि मी दिवसभर खाली काउंटरवर, ती वर एकटी. काही झालं तर हाक तरी कशी मारणार? म्हणून चुगली न करणारा फोन हवा होता.

टायवाल्याच्या दुकानातून चिडून परत येताना एका इमारतीच्या जिन्याखाली बसणारा मोबाइल दुरुस्तीवाला दिसला. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला भिंग लावलेला पन्नाशीचा माणूस. त्याला मी तोच प्रश्न विचारला. तो हसला नाही. भिंग काढून ठेवलं आणि म्हणाला, "कोणापासून लपवायचंय? कंपन्यांपासून, चोरांपासून, की घरातल्या माणसापासून?"

मी इकडेतिकडे बघून म्हटलं, "घरातल्या."

"मग महाग-स्वस्त बघू नका. फोन कुठला, यापेक्षा तो उघडताना कुणाचं खातं टाकलं ते महत्त्वाचं." त्यानं खणातून एक काळा फोन काढला. "यातली मूळची सिस्टीम काढून मी दुसरी टाकलीय. हा आपण होऊन कुणाला काही पाठवत नाही. काही ॲपं चालणार नाहीत, बँकेचं चालेल की नाही ते शपथेवर सांगत नाही. अपडेट आला की घ्यायचा, उद्यावर टाकायचा नाही. कुलपाचा आकडा सहा अंकी, आणि तो वाढदिवसाचा नको. नवरा वाढदिवसच आधी लावून बघतो."

"फोटो?" मी विचारलं. "तिच्या लेकीचे सगळे फोटो त्या जुन्या खात्यात आहेत. ते यात येतील ना?"

"येतील. आणि तोही मागोमाग येईल. जुनं खातं यात एकदा उघडलंत की हा फोन आणि तो फोन सारखेच."

ते मी वर जाऊन धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "चिमणीचं पहिलं पाऊल त्यात आहे गं, ताई." मी तिच्या पाठीवर हात फिरवला. तिनं नवा ईमेल काढला, नवा सहा अंकी आकडा ठरवला, मलाही सांगितला नाही. मीच म्हटलं होतं, सांगू नकोस. सिम माझ्या नावावर घेतलं. दुरुस्तीवाल्यानं नवा नंबर खोक्यावर पेनानं ठळक लिहून दिला होता. धाकटीनं खोलीतल्या इस्त्रीच्या टेबलावर खोकं ठेवलं, शेजारी फोन, चिमणी तो बोटानं पुढे ढकलत होती. किती दिवसांनी ती पोर हसत होती.

दोन रात्री मी शांत झोपले. खरंच सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. मला कळत नाही, कळत नाही म्हणतात सगळे, पण निभावलं की नाही मी?

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी जिन्यावरून खाली आली. खाली यायचं नाही हे ठरलेलं असताना आली. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. तिच्या ओठांना रंग नव्हता. तिनं फोन माझ्यासमोर धरला. अनोळखी नंबरावरून निरोप होता.

"नवा फोन छान आहे. काळा रंग तुला शोभतो. त्या टेबलांच्या खोलीत उकडत नाही ना? चिमणीला जप. येतोच."

गिऱ्हाइकाचा कोट माझ्या हातातून खाली पडला. तो नंबर वकिलीणबाई, शाळा, दुरुस्तीवाला आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होता. आणि टेबलं? टेबलं तर मालक आणि आम्ही तिघी यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, उद्या या. मालकांना शटर अर्धं ओढायला सांगितलं, धाकटीचा फोन घेतला आणि दुरुस्तीवाल्याकडे धावत गेले.

"तुमच्या फोनानं घात केला!" मी दुरुस्तीवाल्यावर ओरडले. रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली. "म्हणे आपण होऊन कुणाला काही पाठवत नाही! माझी बहीण मरेल आता, कळतंय का तुम्हाला?"

तो चिडला नाही. फोन घेतला, काय काय उघडून बघितलं, बराच वेळ बघितलं. "हा स्वच्छ आहे, बाई," तो म्हणाला. "यातून काही गेलेलं नाही. नंबर आणखी कुठे लिहिलेला होता?"

"कुठे लिहिणार? तुम्हीच खोक्यावर लिहिलात."

"खोकं कुणी बघितलं?"

"कुणी नाही. हे काय, दाखवते." आणि मी माझा फोन काढला.

लाँड्रीत बावीस वर्षांत एक गोष्ट अंगात भिनलीय. कपडा घेताना फोटो काढायचा. डाग, फाटकं, तुटलेलं बटण, सगळं. नाहीतर गिऱ्हाईक परत येऊन म्हणतं, हा डाग तुम्हीच पाडला. आता हात आपोआप जातो. घरात नवीन कुकर आला तरी मी आधी फोटो काढते. त्या दिवशीही काढला होता. खोकं, त्यावरचा ठळक नंबर, काळा फोन, चिमणीचं बोट, आणि मागे भिंतीला लावलेली इस्त्रीची मोडकी टेबलं.

दुरुस्तीवाल्यानं फोटो बघितला. मग माझा फोन हातात घेऊन त्यानं एकच विचारलं. "हा तुम्हाला कुणी चालू करून दिला?"

उत्तर देता देताच मला कळत होतं. चार वर्षांपूर्वी मी हा फोन घेतला, आणि त्या दिवशी धाकटीचा नवरा जेवायला आला होता. आमच्याकडे सगळे त्याला गमतीनं इंजिनिअर म्हणायचे. कुणाचा टीव्ही अडला, कुणाचा फोन अडला, बोलवा इंजिनिअरला. "आणा ताई, मी करून देतो," म्हणाला. "सगळ्यांचे फोटो एकाच ठिकाणी राहतील असं करतो, म्हणजे हरवायची भीती नाही." मी त्याला दोनदा वाढलं होतं त्या दिवशी. किती गुणी जावई मिळाला आपल्याला, असं आईला म्हणालेही होते.

"तुम्ही फोटो काढला की तो त्याच्याकडे जातो," दुरुस्तीवाला हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही कुठे आहात तेही त्याला दिसतं. पण तुम्ही रोज लाँड्रीतच असता, म्हणून त्याला इतके दिवस शंका आली नसेल."

म्हणजे मी. फोन नाही, टायवाला नाही, दुरुस्तीवाला नाही. मी! ज्या बाईनं साबणाच्या टाकीत फोन बुडवला तिच्याच पर्समध्ये तो बसून होता. मला तिथल्या तिथे तो फोन रस्त्यावर आपटून फोडावासा वाटला. मी हात उचललाही.

"फोडू नका," दुरुस्तीवाल्यानं माझा हात धरला. "हा बंद पडला की त्याला लगेच कळेल. आधी बहिणीला हलवा."

वकिलीणबाईंना मालकांच्या फोनवरून कळवलं. तासाभरात बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेतल्या बाई गाडी घेऊन मागच्या दाराशी आल्या. साधी साडी, केसांत पेन खोचलेलं, घाई अजिबात नाही. त्यांनी धाकटीच्या फोनातलं सिम काढून आपल्याकडचं नवं घातलं. "हा फोन चांगला आहे, हाच ठेवा," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "जागा मी तुम्हाला सांगणार नाही. केस उभी राहीपर्यंत ती तुमच्या नंबरावर फोनही करणार नाही. तो आता तुमच्याकडेच येईल. तुम्ही तुमचा फोन नेहमीसारखा वापरत राहा. दोन-तीन दिवस तो इथेच घुटमळला तर आम्हाला बरं. पण एकट्या राहू नका."

"किती दिवस लागतील?"

"महिने," त्या म्हणाल्या.

मी चिमणीचे कपडे पिशवीत भरत होते. घड्या होत नव्हत्या. आयुष्यभर घड्या घातल्या आणि एका फ्रॉकची घडी होईना. चिमणी म्हणाली, "मावशी, तू पण चल ना." मी म्हटलं, "मला कामं आहेत गं." ती म्हणाली, "मग संध्याकाळी ये." मी हो म्हटलं. काय करणार होते?

संस्थेतल्या बाई पुढे गाडीत बसल्यावर धाकटीनं एका चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. "नवा नंबर. पाठ कर आणि फाडून टाक. मी त्यांना सांगणार नाही. तुझ्याशिवाय मला कोण आहे गं, ताई?"

मी चिठ्ठी उघडली. खोटं बोलणार नाही, मला तो नंबर हवा होता. आठ वर्षांची असताना ती माझ्या कुशीत झोपायची. आई गेली तेव्हा हिचा आवाज ऐकला म्हणून मी उभी राहिले. मी एकेक आकडा वाचायला लागले आणि वाचता वाचता तो सोफ्यावर बसून रडणारा दिसला मला. तो पुन्हा येणार. तो गोड बोलेल, मग हात पिरगाळेल, आणि मी, जी एका फोटोत सगळं सांगून बसले, ती किती वेळ टिकेन? शेवटचे तीन आकडे उरले असताना मी चिठ्ठी दुमडली. फाडली, पुन्हा फाडली, आणि तुकडे तिच्याच हातात दिले.

"ताई!"

"जा तू. बाहेर टाक कुठेतरी. आणि मला फोन करू नकोस. शपथ आहे तुला माझी."

तिनं मला मिठी मारली, प्लॅस्टरचा हात माझ्या मानेला टोचला, आणि गाडी गेली.

तो संध्याकाळी आला. मालक माझ्या शेजारी उभे होते. काउंटरवर कोपरं टेकून त्यानं अगदी प्रेमानं विचारलं, "ताई, खरं सांगा. कुठेय ती?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "मला माहीत नाही." तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याला कळलं की मी खरं बोलतेय, आणि तो जिन्याकडे धावला. वर मोडकी टेबलं होती. त्यातलं एक त्यानं लाथेनं आडवं केलं. मालकांनी पोलिसांना बोलावलं तेव्हा तो निघून गेला.

याला आता पाच महिने झाले, केस अजून उभी राहायचीय. माझा फोन दुरुस्तीवाल्यानं साफ करून दिलाय, नवं खातं, नवा आकडा, सगळं नवं. परवा मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्या नंबराचे शेवटचे तीन आकडे माहीत नसतील तर? तो म्हणाला, "हजार वेळा लावून बघावा लागेल. एक नक्की लागेल." मी त्याला म्हटलं, "गप्प बसा हो तुम्ही." घरी आले. पहिले आकडे मला तोंडपाठ आहेत. ते मी रोज फोनवर दाबते, आणि पुढे काही दाबायच्या आत पुसून टाकते.