एक नंबरचा नमुना

"गाडी बंद पडली का गं?" पिकअपची काच खाली करत व्हर्न क्लासनने विचारलं.

"गाडी नाहीच आहे. सायकल आहे," आर्लीन म्हणाली आणि तिने एक पाय खडीवर टेकला.

"ते दिसतंय मला. पण का?"

सकाळपासून थांबलेली ही चौथी गाडी. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवानच्या या पट्ट्यात साठी उलटलेली बाई सायकलवर दिसली की लोकांना दोनच गोष्टी सुचतात: हिचं लायसन्स तरी गेलं असेल किंवा डोकं तरी. पण थांबतात सगळे. रस्त्यावरच्या माणसाला तसंच सोडून पुढे जाणं इथे कुणाला जमत नाही.

"वोरोबेट्सकडे चाललेय," ती म्हणाली.

"नेस्टरकडे? अजून चाळीस किलोमीटर आहे ते, आणि वारा समोरून. टाक ती सायकल मागे. उगाच हट्ट करू नकोस."

"नको रे. शेतं बघत जायचंय. तुझ्या उत्तरेकडच्या तुकड्यात खारवट पट्टा आहे ना?"

व्हर्न चमकला. "कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या गव्हाने. दर वर्षी तुझी एक खेप चिरमटलेल्या दाण्यांची यायची."

"भलतीच आहेस," असं म्हणून व्हर्नने आपलं अर्धं सँडविच तिच्या हातात कोंबलं आणि तो धुरळा उडवत निघून गेला.

आर्लीन थॉर्सनने आमच्या गावच्या धान्याच्या कोठारात चौतीस वर्षं गव्हाची प्रतवारी केली. एवढीशी खोली, एकच खिडकी आणि खिडकीबाहेर रूळ. मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरायचे, चिमट्याने उलटसुलट करायचे आणि ठरवायचं: एक नंबर, दोन नंबर की तीन. शेतकरी टेबलावर मुठी आपटायचे, तिच्या चष्म्याचा उद्धार करायचे. ती ढिम्म हलायची नाही. गेल्या वर्षी कंपनीने यंत्र आणलं आणि हिला केक खाऊ घालून घरी पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात हिने सायकल घेतली. जी शेतं आयुष्यभर मुठीमुठीने पाहिली, ती तिला एकदा अख्खी बघायची होती.

ऑगस्ट संपत आला होता. मसूर कापून पडला होता, जवस तपकिरी झाला होता. आर्लीन मध्येच उतरायची, गव्हाची ओंबी तळहातावर चोळायची, दाणे चावून बघायची. एका वळणावर तिला कळलं की पीटरसनच्या गव्हावर दर वर्षी हिमाचा डाग का असायचा. शेत बशीसारखं खोलगट होतं, थंडी तिथे साचून राहत असणार. "अस्सं!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला मैलोन् मैल कुणी नव्हतं.

एकच गोष्ट मात्र तिला उलगडत नव्हती. नेस्टर वोरोबेट्सचा नमुना दर वर्षी पोस्टाने यायचा. नमुना लख्ख, एक नंबरचा. मग त्याचे ट्रक यायचे, आणि त्यातला गहू दोन नंबरचा. सव्वीस वर्षं हेच. दुसऱ्या कुणी कोठार डोक्यावर घेतलं असतं. नेस्टर नुसता टोपीला हात लावून निघून जायचा.

कुठेतरी आपणच चुकत होतो का? हा प्रश्न तिला वर्षभर खात होता. नवरा गेला, मूल झालं नाही. दाणा पारखणारा हा डोळा तेवढा तिचा होता, आणि तोच खोटा निघाला तर? उद्या नेस्टर आणि त्याची बायको नास्तिया कायमचे शहरात मुलीकडे जाणार होते. असलं काही फोनवर विचारायचं नसतं.

शहाण्णव किलोमीटर संपले तेव्हा चार वाजले होते. नेस्टर कोंबड्या शेजाऱ्याला द्यायला गेला होता. स्वयंपाकघरात खोक्यांच्या गराड्यात शहाऐंशी वर्षांची नास्तिया उभी होती. तिला आता सगळं धुरकट दिसतं.

"आर्लीन? कोठारातली? सायकलवर? अगं पोरी, नवऱ्याशी भांडलीस की काय?"

"तो जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग भांडायचीही सोय नाही. बस."

आर्लीन बसली आणि तिने सरळ विचारून टाकलं. नास्तियाने आधी अंगणाचा कानोसा घेतला.

"मी निवडायची," ती हळूच म्हणाली.

"निवडायची म्हणजे?"

"म्हणजे काय! ताटात घेऊन निवडायची. काळे, हिरवे, चिरमटलेले दाणे बाजूला. हा पिशवी भरून द्यायचा, पोस्टात टाक म्हणायचा आणि हार्वेस्टरवर चढायचा. घरातलं धान्य परक्याकडे पाठवायचं, तेही न निवडता? नाताळच्या खिरीला निवडतो तसा एकेक दाणा बघितला मी."

"अहो, पण नमुना जसाच्या तसा तपासायला असतो!"

"ते मला मागाहून कळलं. तोवर तुझा कागद आला होता, एक नंबर म्हणून. लागोपाठ तीन वर्षं गारांनी झोडपलं होतं आम्हाला. त्या दिवशी त्याने मला उचलून अंगणात गरगर फिरवलं. मग पुढच्या वर्षी कशी थांबू? कागदावर दोन नंबर आला असता तर म्हणाला असता, शेतीतला माझा हात गेला."

"त्यांना माहीतच नाही?"

"नाही. आणि कळता कामा नये. सव्वीसही कागद डब्यात जपलेत त्याने."

आर्लीनला एकदम हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. ती चुकली नव्हती. एकदाही नाही.

बाहेर पिकअप थांबली. नेस्टर टोपी काढत आत आला, आणि आर्लीनला बघून खुर्ची ओढून समोरच बसला.

"बरी सापडलीस. आता तू कंपनीची नाहीस, मी शेतकरी नाही. खरं सांग बघू. नमुना एक नंबर आणि ट्रक दोन नंबर. असं का गं व्हायचं?"

चुलीपाशी नास्तियाचा झारा हवेतच थांबला.

आर्लीनने दोघांकडे पाहिलं. उत्तर अगदी जिभेवर होतं.

"धूळ फार असायची तिथे," ती म्हणाली. "ट्रकांची रांग लागली की घाई व्हायची. माझंच चुकलं असणार."

नेस्टर मान डोलावत हसला. "हिला मी तेव्हाच सांगायचो. आर्लीन बिचारी दिवसभर त्या धुळीत बसते, डोळे थकणारच. म्हणून तर कधी बोललो नाही तुला." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं."

"हो," आर्लीन म्हणाली.

नास्तियाने बोटांनी चाचपत आर्लीनच्या ताटलीची कड शोधली, आणि बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या तीन पिरोगी न विचारता वाढल्या.