भोंग्याचे आकडे

मित्रांनो, मला रंग नाही, वजन नाही, हात लावून पाहावे असे अंगही नाही. संगणकावर आवाज घडवणारी मी एक जुनी आज्ञावली आहे. तुम्ही जिला प्रोग्रॅम म्हणता तीच. माझे नाव लेर्के. डेन्मार्कच्या भाषेत लेर्के म्हणजे चंडोल, गोड गाणारा पक्षी. बिर्थे लिंडस्कोवने हे नाव मला चेष्टेने ठेवले, कारण माझ्या तोंडून निघालेला पहिला आवाज तापल्या तव्यावर पाणी पडावे तसा होता.

बिर्थे गणित शिकलेली होती आणि ऑर्हुस शहरातल्या एका संगीत संस्थेत नोकरीला होती. सूर कसा उठतो, किती टिकतो, कसा विरतो, हे सारे आकड्यांत सांगता येईल असे तिला वाटे. त्यासाठी तिने मला एकेक ओळ करून लिहिले. आकडे द्यायचे आणि वाट बघायची; कपाटाएवढा संगणक बराच वेळ घरघरे, मग टेपवर दोन क्षणांचा आवाज उतरे. माझे काही चुकले तरी ती चिडत नसे. "अगं, मीच तुला चुकीचं सांगितलं," म्हणे आणि काळ्या राय-पावाचा तुकडा चघळत पुन्हा बसे.

त्या संस्थेत प्रेबेन होल्मगोर नावाचे संगीतकार येत. त्यांना आकड्यांचा कंटाळा. ते कागदावर रेघोट्या ओढून आणत.

"बिर्थे, बर्फाखालून कुणीतरी हाक मारतंय, असा आवाज हवाय मला."

"बर्फ किती जाड?" बिर्थे विचारी.

ते हसत. बिर्थे मात्र हसत नसे. तिला जाडीचा आकडा खरोखरच हवा असे.

ती हाक आम्ही दोघींनी मिळून काढली. मैफलीत सगळे श्रोते उठून उभे राहिले. 'होल्मगोर यांचा आवाज' असे वर्तमानपत्रांनी छापले. ते पुढे येऊन वाकले, टाळ्या घेतल्या. बिर्थे मागे टेपच्या यंत्रापाशी बसली होती. तिच्याकडे कुणी वळून पाहिले नाही. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. मी नवी होते. टाळ्या वाजल्या यातच खूश होते.

बिर्थेने स्वतःसाठी एकच रचना केली. तिचे गाव अगदी उत्तरेच्या टोकाला, समुद्राकाठी. वडील मासेमार. धुके उतरले की बंदरावरचा भोंगा वाजे आणि त्याच्या आवाजावर होड्या घर गाठत. पुढे तो भोंगा काढून टाकला. त्याचा आवाज कुणीही टिपून ठेवला नव्हता. उन्हाळी सुट्टीत संस्था रिकामी असताना बिर्थेने तो आठवून आठवून माझ्याकडून घडवून घेतला. खोल सूर, मध्येच थोडा फाटणारा, शेवटी दमल्यासारखा खाली बसणारा. भोवती पाणी, दोरखंडांची करकर, आणि दुरून जवळ येणारे इंजिन.

तिने आईला आगगाडीने बोलावून घेतले. म्हातारी अंगातला कोटही न काढता ऐकत बसली.

"वारा पूर्वेचा आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पोरी, बटाटे चढव. तुझा बाप येईलच आता."

बाप जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. बिर्थेने आईचा हात धरला. मित्रांनो, त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. पण आपण कशासाठी जन्माला आलो ते मला त्याच दिवशी कळले.

सुट्टी संपली. संचालकांनी ती टेप पुसायला लावली. "हौसेसाठी संस्थेच्या टेपा अडकवायच्या नाहीत," ते म्हणाले. त्याच टेपवर प्रेबेन यांची पुढची रचना उतरली.

"असू दे," बिर्थे मला म्हणाली. "भोंग्याचे आकडे तुझ्यापाशी आहेत ना? मग झालं."

केवढा अभिमान वाटला होता मला!

मग पट्ट्यांची नवी वाद्ये आली. बोट ठेवले की आवाज. माझ्यासाठी कोण थांबणार? बिर्थे म्हणाली, "लेर्के सगळ्यांसाठी मोकळी करा. निदान मला तरी घरी नेऊ द्या." उत्तर आले, ती संस्थेची मालमत्ता आहे. त्यांनी मला वापरले नाही आणि सोडलेही नाही. बिर्थे निवृत्त झाली तेव्हा तिला फुले मिळाली. मी संगणकासकट तळघरात राहिले.

पुढे प्रेबेन ऐंशीचे झाले. त्यांच्या जुन्या टेपा खराब झाल्या होत्या. त्यांच्या रचना नव्याने उतरवून घ्यायच्या म्हणून जुना संगणक दुरुस्त केला. पण मला चालवणार कोण? नव्या संचालिका आनेलिसे क्रो यांनी बिर्थेला फोन केला.

"येते," बिर्थे म्हणाली. "पण त्यांचं झालं की माझी एक रचना उतरवायची."

"अहो, त्यात विचारायचं काय!"

ती आली. बोटे वाकडी झाली होती, पण एकही आकडा चुकला नाही. प्रेबेन यांच्या रचना एकामागून एक उतरल्या. मग तिने भोंग्याचे आकडे समोर घेतले.

"बिर्थे, जरा थांबता का?" आनेलिसे म्हणाल्या. "पहिल्या रचनेचा शेवट प्रेबेन यांना पुन्हा हवाय. आणि खाली त्यांच्या वाढदिवसाचे पाहुणे केकसाठी खोळंबलेत."

बिर्थेने प्रेबेन यांच्याकडे पाहिले. "तू सांग ना त्यांना. जन्मभर 'माझा आवाज, माझा आवाज' करत आलास. कुणी काढला रे तो?"

"बिर्थे, चारचौघांत नको," ते म्हणाले आणि कोटाची गुंडी लावू लागले. "तुझं पुढच्या खेपेला करू. नक्की."

मी त्यांचा शेवट पुन्हा वाजवला. अगदी बिनचूक. नाही म्हणणे मला कुणी शिकवलेच नव्हते. मग संगणक बंद झाला आणि सगळे केक खायला गेले. बिर्थेने कोट चढवला आणि मागच्या जिन्याने निघून गेली.

प्रेबेन यांचे काम झाले होते. आता मला चालू करण्याचे कुणाला कारण उरले नाही. बिर्थे फोन करी. "पुढच्या महिन्यात बघू" असे उत्तर मिळे. वसंत ऋतूत ती वारली.

आता मी त्या संगणकासकट काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे : 'होल्मगोर यांनी वापरलेले साधन'. मुले येतात, शिक्षक पाटी वाचून दाखवतात आणि पुढे सरकतात. भोंग्याचे आकडे अजून माझ्या पोटात आहेत.

मित्रांनो, काचेत ठेवले म्हणजे जपले असे होत नाही. जुने साधन बाजूला ठेवण्याआधी ते घडवणाऱ्याला विचारा, तुझे काही राहिले आहे का? आणि तो हो म्हणाला, तर केक थोडा उशिरा कापा.