मधल्या कप्प्यातलं नाणं

होल्गर मामाचं तीन किलोचं तांब्याचं नाणं अखेर चेअरमन मायवोरच्या फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात, सामन माशाच्या अंगावर सापडलं. नाणं सुखरूप होतं. मासाही.

असं काही घडलेलं नाही. सोसायटीच्या कमिटीने तसा एकमताने ठराव केला आहे आणि तो मीच लिहून घेतला आहे. मी सेक्रेटरी. ज्या सभेला मी गेलो नाही त्या सभेत मी निवडून आलो. आमच्या आवेस्ता गावात लोकशाही अशीच चालते: जो हजर तो मतदार, जो गैरहजर तो उमेदवार.

तर जे घडलं नाही ते असं.

होल्गर मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. एकटा राहतो. मी तिसऱ्या मजल्यावर, तो आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. त्याच्या खिडकीतून डाल नदी दिसते, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागलं की नदीही खिडकीतून मामाला बघून घेते. पाणी आत येत नाही, नुसती ओल येते. भिंतीला घाम फुटतो. दुसऱ्या कुणी रंग लावून घेतला असता. मामा जुनं तांबं सांभाळतो, त्यामुळे त्याला भिंतीपेक्षा जास्त घाम फुटतो.

हे तांबं म्हणजे जुनी नाणी, पण ढब्बू पैसा म्हणावीत इतकी साधी नव्हेत. तांब्याचे चौकोनी जाड पत्रे, ताटाएवढे, चार कोपऱ्यांत चार ठसे आणि मधोमध एक. जवळपास तीनशे वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या टांकसाळीत पाडलेले. राजाकडे चांदी नव्हती आणि तांबं मात्र डोंगर भरून होतं, म्हणून चांदीच्या नाण्याच्या किमतीचं तांबं एकाच नाण्यात कोंबायचं असं कुणीतरी ठरवलं. त्या गृहस्थाने ते नाणं स्वतः उचलून पाहिलं नसावं. बैल विकला तर पैसे घरी आणायला बैल लागायचा, आणि तो तर नुकताच विकलेला.

मामाकडे अशी डझनभर आहेत. बहुतेक बुडालेल्या जहाजांमधली. समुद्राने त्यांच्या कडा आधीच कुरतडल्यात, त्यांना आता काही व्हायचं राहिलेलं नाही. ती पलंगाखाली पडून असतात. एक मात्र वेगळं. मामाच्या आजोबांना ते गोठ्याच्या फळ्यांखाली मिळालं, आणि आजोबांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम केला: ते घासलं नाही. त्यामुळे तांब्यावर धरलेली इतक्या वर्षांची साय जशीच्या तशी राहिली. काकवीचा रंग, कुठे डाग नाही.

मामा ते सुती हातमोजे घालून उचलतो आणि त्याच्याकडे तोंड करून कधीच बोलत नाही. थुंकीचा कण उडाला तर वर्षभराने तिथे ठिपका उमटतो. जुन्या तांब्याच्या माणसांची रीतच आहे: नाणं मधे ठेवायचं आणि सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून त्याचं कौतुक करायचं. मामाकडे येणारे पाहुणे एकमेकांवर रुसलेत, असंच मला लहानपणी वाटायचं.

या एप्रिलमध्ये मामाने मला खाली बोलावलं. स्वयंपाकघरात नाणं टेबलावर होतं आणि मामा फडताळाकडे तोंड करून उभा.

"सिक्स्टेन, डावा खालचा कोपरा बघ. बोलू नकोस."

मी वाकून बघितलं. मोहरीएवढा हिरवा ठिपका. मी खिडकीकडे वळलो.

"जंगाल?"

"जंगालच, तांबं खाणारा गंज. आणि पोपटी आहे, म्हणजे जिवंत आहे. ओल मिळत गेली तर उन्हाळ्यापर्यंत आजोबांच्या नाण्याची चाळण करील."

"मग कोरड्या जागी ठेव ना."

"बरं झालं सांगितलंस. मी ते तळ्यात सोडणार होतो."

कोरडी जागा शोधायला आम्ही निघालो. मामाकडे हवेतला दमटपणा दाखवणारं एक घड्याळ आहे, खिशात मावेल असं. माझ्या घरात त्याचा काटा बघून मामा म्हणाला, "तू घरात राहतोस की सूपमध्ये?" त्याच्या स्वतःच्या फ्रिजच्या भिंतींवर शेवाळ सोडून सगळं होतं. बँकेत लॉकर विचारला तर काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "आम्ही आता नाण्यांना हात लावत नाही."

राहिली सोसायटीची वाळवणीची खोली. तळघरात धुण्याच्या यंत्रांशेजारी ही खोली आहे, आत गरम हवेचा पंखा. मामाने घड्याळ आत ठेवलं तर काटा जवळजवळ तळाला जाऊन बसला. मामाला इतका आनंद झालेला मी त्याच्या सेवानिवृत्तीलाही पाहिला नव्हता.

खोलीवर राज्य मायवोरचं. मायवोर आमची चेअरमन, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, मामापेक्षा हातभर उंच. आमच्याकडे राजा सोडून सगळ्यांना अरे-तुरेच करतात, पण मायवोरला 'तू' म्हणतानाही माणूस शर्टाचं वरचं बटण लावतो.

"वाळवणीच्या खोलीत धुणं," ती म्हणाली. "फक्त धुणं."

"एका कोपऱ्यात राहील ते, मायवोर. आवाज करत नाही."

"होल्गर, उद्या एस्किल त्याची स्की आणून ठेवील. परवा कुणी सासू आणून ठेवील. नियम म्हणजे नियम. ओलं असेल ते आण, वाळलं की ने."

मामाने खिशातलं घड्याळ काढून पुन्हा आत ठेवलं. मग म्हणाला, "ओलं आहे म्हणूनच म्हणतोय," पण ती निघून गेली होती.

त्या दुपारी मामाने नाणं कागदात गुंडाळून पांढऱ्या उशीच्या अभ्र्यात घातलं आणि तोंड शिवून टाकलं. "हे आता धुणं आहे," त्याने मला सांगितलं. सेक्रेटरी म्हणून मी अभ्र्याला हात लावून पाहिला. धुणंच वाटलं. जरा आजारी धुणं.

धुण्याच्या खोलीबाहेर एक पाटी आहे. प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. ज्या वेळेच्या भोकात कुलूप, ती वेळ त्या घराची. लग्नं मोडतात, सरकारं पडतात, पण दुसऱ्याचं कुलूप कुणी हलवत नाही. मामाने माझी वेळ घेतली, दुसऱ्या मजल्यावरच्या एस्किलचीही घेतली. एस्किल महिन्यातून एकदाच धुतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे. मामा धुणं ठेवायचा, वेळ संपली की न्यायचा, पुढची वेळ आली की परत ठेवायचा. ठिपका तेवढाच राहिला. मामा जिन्यात शीळ घालू लागला.

मग एके दिवशी एस्किलने मामाला जिन्यात गाठून आपल्या गुडघ्याबद्दल सांगायला घेतलं. एस्किलला दोन गुडघे आहेत, त्यामुळे वेळ लागला. मामा खाली पोचला तेव्हा वेळ उलटून गेली होती. खोलीत मायवोरचे टॉवेल लटकत होते. अभ्रा नव्हता.

मायवोरला विचारायला मामा धजावेना. विचारायचं म्हणजे धुणं तीन किलोचं का, हे सांगणं आलं. त्याने आमच्याकडे माणूस चिडला की जे करतो ते केलं: दारावर चिठ्ठी चिकटवली.

"ज्याने माझी उशी नेली त्याने ती सावकाश परत ठेवावी. उशीकडे तोंड करून बोलू नये. आभार! होल्गर."

खाली कुणीतरी लिहिलं, "ती उत्तर देते का?" त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "माझा मोजाही गेलाय."

मी कचऱ्याची खोली पाहिली, सायकलींची पाहिली, एस्किलच्या घरी गुडघे पाहिले. काही नाही.  खाली गेलो की मामा नेहमीसारखा फडताळाकडे तोंड करून उभा असायचा. मधे टेबल, आणि टेबलावर काहीच नाही.

"आजोबांनी घासलं नाही," एकदा तो फडताळाला म्हणाला. "वडिलांनी विकलं नाही. मी धुवायला नेलं."

 मी कॉफी केली.

एप्रिलच्या अखेरच्या संध्याकाळी नदीकाठी होळी पेटते. हिवाळा गेला म्हणून सगळं गाव थंडीत कुडकुडत गाणी म्हणतं. त्याआधी मायवोरच्या घरी सोसायटीचं खाणं असतं: मीठ, साखर आणि भरपूर शेपू लावून, वर वजन ठेवून दाबलेला सामन. मामा येणार नव्हता. मी त्याला आणला.

त्याने एक काप खाल्ला. मग दुसरा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"मायवोर, हा एकसारखा दाबलाय. कडेपर्यंत. काय ठेवलं होतंस वर?"

"दरवर्षी दुधाचे डबे ठेवते, ते कलंडतात," मायवोर खुशीत म्हणाली. "यंदा वाळवणीच्या खोलीत एक झकास चपटं वजन मिळालं. चादरी दाबायच्या यंत्राचा सुटा भाग असावा. कुणी शहाण्याने अभ्र्यातसुद्धा घालून ठेवलेला."

मामाने काटा खाली ठेवला. सगळ्यांनी मामाकडे पाहिलं, फक्त एस्किल चावत होता.

"कुठे आहे?"

"दुसरा मासा दाबतोय ना अजून. फ्रिजमध्ये."

मामाने खिशातून हातमोजे काढले. तो ते नेहमी जवळ बाळगतो, होळीलाही. मायवोरने फ्रिज उघडला. मधला कप्पा अख्खा रिकामा केलेला. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मासा, त्यावर आणखी एक पिशवी, त्यावर अभ्रा. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेली बाई, एक थेंब गळू दिला नव्हता. अभ्रा पापडासारखा कोरडा. मामाने कात्रीने टाके कापले, कागद उलगडला, नाणं ओट्यावर ठेवलं आणि वाकला.

बराच वेळ वाकलेला होता. मग सरळ होऊन टाइल्सकडे वळला. मी दाराकडे वळलो. मायवोरने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि तीही मुकाट्याने खिडकीकडे वळली.

"पसरला नाही," मामा टाइल्सना म्हणाला. "पोपटीपणा गेलाय. निवलाय तो."

"कोण?" मायवोरने खिडकीला विचारलं.

मामाने तिला सगळं सांगितलं, गोठ्यापासून. एवढं सलग तो माझ्या मुंजीतसुद्धा बोलला नव्हता, आणि आमच्यात मुंज नसते. शेवटी त्याने दमटपणाचं घड्याळ फ्रिजमध्ये ठेवलं, दार लावलं, आणि आम्ही थांबलो. काटा वाळवणीच्या खोलीच्याही खाली गेला.

"नवा आहे," मायवोर जरा लाजून म्हणाली. "आत बर्फच धरत नाही."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण एस्किल कमिटीत आहे, आणि त्याने तोंडातला घास संपवून मुद्दा काढला. होल्गरने धुणं नसलेली वस्तू धुणं म्हणून वाळवली: नियमभंग. मायवोरने दुसऱ्याची वस्तू खोलीतून घरी नेली: मोठा नियमभंग, आणि तोही चेअरमनकडून. दोघांवर कारवाई करायची तर सभा बोलवावी लागणार, आणि सभेत जो गैरहजर असेल तो चेअरमन होणार. सभांना कधीच न जाणारा एस्किल पांढरा पडला. "त्यापेक्षा," तो म्हणाला, "हे घडलंच नाही असं ठरवू."

तिथल्या तिथे ठराव झाला. मग सगळे होळीला गेले.

नाणं आता मामाच्या टेबलावर आहे. भिंतीला घाम आहेच, काटा रोज थोडा वर सरकतो. मी मायवोरला विचारून पाहिलं.

"माझी ना नाही रे," ती म्हणाली. "पण मी चेअरमन आहे. जे घडलंच नाही ते मी पुन्हा कसं करू?"

बोलताना तिने दूध काढायला फ्रिज उघडला. मधला कप्पा रिकामाच होता. लोणी, चीज, सगळं खालच्या कप्प्यात एकमेकांच्या डोक्यावर बसलेलं.  मी घरी येऊन अर्ज लिहिला.

प्रति, मा. कमिटी. विषय: फ्रिजमधील जागेबाबत. वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, तळमजल्यावरील रहिवासी होल्गर यांचे एक नग तांबे चेअरमन यांच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात कधीही ठेवण्यात आलेले नव्हते व त्याचा तांब्यास उत्तम गुण आला. सबब सदर कप्पा त्यांच्या नावे करण्यात यावा. तांब्याच्या पाहणीसाठी त्यांना रोज संध्याकाळी कॉफीच्या वेळी प्रवेश असावा. पाहणीच्या वेळी उभयतांनी भिंतीकडे तोंड करून बोलावे. आणि जे घडलेलेच नाही ते यापुढेही असेच चालू ठेवण्यास कमिटीने कायमस्वरूपी मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.